काकांचा उजवा पाय

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे माझे काका, आयुष्यभर गाडीत बसले पण गाडी त्यांनी स्वतः चालवली फार कमी. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. शिकणारा स्टिअरिंगवर, काका शेजारच्या सीटवर, आणि त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा एक जादा ब्रेक. शिकवायच्या गाड्यांना असतो तो, शिकणारा गोंधळला तर शेजारून गाडी थांबवता यावी म्हणून. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली असेल. लोक तोंडावर त्यांना मास्तर म्हणायचे आणि पाठीमागे ब्रेकमास्तर, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहते आणि गाडीपण त्यांच्याकडूनच शिकले, त्यामुळे मला आतलं सगळं माहितीय. पहिल्या दिवशी ते गाडी चालूच करू द्यायचे नाहीत. नुसतं बसायचं. सीट पुढेमागे करायची, आरशात बघायचं, स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प राहायचं. मी इतकी उतावळी की बसल्या बसल्या किल्लीला हात घातला, तर म्हणाले, गाडीला घाई नाहीये, तुला आहे, ती आधी उतरव. बस, एवढंच. आवाज चढवणं नाही, टोमणा नाही. पन्नाशीच्या बायका, ऑपरेशन झालेले आजोबा, घरच्यांनी तुला नाही जमणार म्हणून सांगून पाठवलेली माणसं, सगळी थरथरत यायची आणि काका त्यांना निवांत निवू द्यायचे. त्यांचं सगळं अंग शांत असायचं, फक्त उजवा पाय सोडून. तो कायम तयारीत.

आणि तो पाय रोज त्यांच्याबरोबर घरीपण यायचा. आत्या दुधाचं पातेलं काठोकाठ भरून आणतेय, काकांचा पाय खाली दाबला जायचा. टीव्हीवर कोणी रस्त्यात धावलं, पाय. मी जिन्यावरून धडाधड उतरले, पाय. बाहेरच्या खोलीत त्यांच्या खुर्चीसमोर एक लांबलचक फरशी आहे, कधीची सुटलेली, पाय दाबला की ती टक करते. आत्या कितीतरी वर्षं गवंड्याला बोलवा गवंड्याला बोलवा म्हणायची, मग म्हणायचीच थांबली. आपल्याच घरातला पंखा जसा आपल्याला ऐकू येत नाही ना, तसा तो टक आम्हाला ऐकू येईनासा झाला होता.

मग ते झालं. काका एका बाईंना शिकवत होते, कॉलेजच्या लायब्ररीत असतात त्या, फार भित्र्या, त्यांची कितवी तरी फेरी होती. काकांना डायबेटीस आहे आणि सकाळी काही न खाता ते निघाले होते. भर रस्त्यात त्यांची शुद्ध गेली. लायब्ररीवाल्या बाईंनी आरशात पाहिलं, सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग काकांच्या तोंडावर पाणी मारलं. कोणाला ओरखडासुद्धा नाही. पण काका शुद्धीवर आले आणि पहिलं काय म्हणाले, तर माझा पाय कुठे होता.

डॉक्टरांनी शिकवणं बंद करायला सांगितलं. सांगितलं नसतं तरी ते गेले नसते. घरी सगळे म्हणायचे की सुटलात, वाचलात, आणि काका मान हलवायचे, पण त्यांच्या डोक्यात एकच. एक माणूस माझ्या भरवशावर बसलं होतं आणि माझा पाय ब्रेकवर नव्हता. यावर कोणी काही बोलायला लागलं की ते उठून आत जायचे.

घरी बसून मग ते आम्हालाच चालवायला लागले. आत्याला म्हणे गॅस बारीक कर, मला म्हणे दप्तराचा बंद सुटतोय. आत्या एकदा म्हणाली, मी पस्तीस वर्षं संसार केला तेव्हा शेजारी कोणी बसलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली तेव्हा. म्हणजे त्यांच्या जागी मी असते तर आदळआपट केली असती, ते नुसते खिडकीपाशी जाऊन रस्त्यावरच्या गाड्या बघत उभे राहिले.

मासे त्यांना डॉक्टरांच्या दवाखान्यात भेटले. तिथे बाहेर मोठी फिश टँक आहे आणि त्यात डिस्कस मासे आहेत. ताटलीसारखे गोल आणि चपटे, अंगावर निळ्या-केशरी नागमोडी रेघा, आणि चालणं एकदम संथ, जणू विचार करून वळतात. काका घरी येऊन सांगत होते की एक मासा काचेला येऊन माझ्याकडे बघत होता, अगदी पहिल्या दिवशीचा शिकाऊ बघतो तसा. मग ते अक्वेरियमच्या दुकानात जाऊन बसायला लागले. आत्या म्हणाली, लोक मासे आणतात ते खायला, ह्यांना आणायचेत ते नुसते बघायला. पण ती हसून म्हणाली. खूप दिवसांनी त्यांना काहीतरी हवं होतं ना.

दुकानदार सरळ म्हणाला होता, हा लाडावलेला मासा आहे, ह्याला कोमट पाणी लागतं, स्वच्छ पाणी लागतं आणि शांतता लागते, पहिल्यांदाच पाळत असाल तर दुसरं काही न्या. काकांनी तेच नेणार म्हणून सांगितलं. पण आधी टँक आली, नुसती. खुर्चीच्या बरोबर समोर, भिंतीला लागून, लोखंडी स्टँडवर. त्यात पाणी, हीटर, फिल्टर, एक वाळकं मूळ, आणि मासा एकही नाही. पाणी मुरायला लागतं म्हणे. कितीतरी आठवडे नुसतं पाणी फिरत होतं. शेजारच्या काकू येऊन विचारायच्या मासे कुठायत, आणि आत्या गंभीर चेहऱ्याने सांगायची की आम्ही सध्या पाणी पाळलंय.

शेवटी मासे आले तो दिवस मी विसरणार नाही, कारण काका त्या दिवशी परत मास्तर झाले होते. पडदे ओढले, दिवे घालवले, आत्याला आणि मला बसा म्हणाले. मासे असलेल्या पिशव्या तशाच टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट होऊ दे. मग पिशवीचं तोंड उघडून टँकमधलं पाणी वाटीने थोडं थोडं आत घालायचं, थांबायचं, परत घालायचं. मी म्हणाले सोडून द्या ना एकदाचे. ते वर न बघता म्हणाले, एकदम सोडलं की दचकतात, नवं पाणी त्यांच्या अंगवळणी पडू दे. वाटी, थांबणं, वाटी, थांबणं. मला वैताग आला आणि रडूपण आलं, कारण मला माझा पहिला दिवस आठवला. मग जाळीने एकेकाला उचलून त्यांनी टँकमध्ये सोडलं, पिशवीतलं पाणी मोरीत.

मासे सोडल्या सोडल्या कोपऱ्यात गेले. फिल्टरच्या नळीमागे सगळे एकमेकांना चिकटून, तोंडं भिंतीकडे. आणि रंग गेला. दुकानात जे निळे-केशरी झळाळत होते ते काळपट पडले, अंगावर उभे काळे पट्टे उठले. आत्या म्हणाली ह्यांना फसवलं, हे वेगळेच दिलेत. काका म्हणाले घाबरले की असे होतात, दुकानदाराने सांगितलंय, आज खायला द्यायचं नाही, दिवा लावायचा नाही, डोकवायचं नाही. एकदोन दिवस रुसतील, मग येतील पुढे.

ते पुढे आले नाहीत.

खायला गोठवलेल्या लाल अळ्या होत्या. काका चिमट्याने एक तुकडा सोडायचे, तो विरघळत खाली जायचा, आणि मासे बघायचेसुद्धा नाहीत. मग काका उरलेलं सगळं पाइपने ओढून काढायचे, पाणी घाण होऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कधीतरी सगळ्यांत मोठा मासा, आम्ही त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं होतं कारण तो लायसन्सची परीक्षा घ्यायला आल्यासारखा बघायचा, तो नळीमागून अर्धा बाहेर यायचा. काका खुर्चीत सरसावून बसायचे. आणि काय व्हायचं कोणास ठाऊक, तो झटक्यात मागे. एकदा तर इतका जोरात की काचेवर आपटला.

मग काकांचा धीर सुटला. हीटर जरा वर, जरा खाली. मूळ इकडून तिकडे. पाणी बदल, परत बदल. टँकच्या मागे काळा कागद लाव, नको काढ. दिवसभर खुर्चीत बसून डोळ्यांत तेल घालून बघायचे आणि प्रत्येक गोष्टीत हात घालायचे. जो माणूस शिकाऊला पहिल्या दिवशी किल्लीला हात लावू देत नव्हता तो स्वतः टँकला क्षणभर मोकळं सोडेना.

दुकानदाराला बोलावलं. तो बिचारा आला, पाणी तपासलं, मासे बघितले. म्हणाला, मास्तर, पाणी माझ्या दुकानातल्यापेक्षा चांगलं आहे, मासे आजारी नाहीत. ह्यांना काहीतरी घाबरवतंय. दार आपटतं का, मांजर आहे का, टीव्ही मोठ्याने लावता का. आणि जाताना दाराबाहेर मला हळूच म्हणाला की अजून थोडे दिवस ह्यांनी खाल्लं नाही तर डोक्यापाशी खपाटीला जायला लागतील, आणि एकदा तसं झालं की परत फिरत नाहीत सहसा.

काकांनी ऐकलंच ते. त्यांचे कान तसे तिखट आहेत.

मग घरात कर्फ्यू. मी अनवाणी चालायचं. मिक्सर मागच्या बाल्कनीत न्यायचा. दारावरच्या बेलची वायर काढून टाकली, त्यामुळे पोस्टमन बाहेर ओरडायला लागला, मग त्याचीही समजूत घातली. आत्या कुजबुजत भांडायला लागली, आणि कुजबुजत भांडताना माणूस किती विनोदी दिसतं हे मला तेव्हा कळलं. फोनवर माझ्या आईने विचारलं की तुमच्याकडे कोणी गेलंय का, एवढं हळू का बोलता. काही उपयोग झाला नाही. मासे काळेच.

एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर काका अंधारातच टँकसमोर बसले होते. मला बसायला सांगितलं. म्हणाले, "हे गेले ना, तर मी परत कुठल्याही जिवाला माझ्या भरवशावर ठेवणार नाही. झाडसुद्धा नको घरात." मला एवढं भरून आलं की मी कप तिथेच ठेवून आत पळाले, अनवाणी.

पुढच्या रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. लायब्ररीवाल्या बाई. त्यांनी परीक्षा दिली, पास झाल्या, आणि जुनी का होईना पण स्वतःची गाडी घेतली, आणि पहिल्यांदा मास्तरांना बसवायचं म्हणून आल्या. काका म्हणाले नको, मासे आहेत. बाई एरवी पुस्तक परत मागायलाही घाबरणाऱ्या, पण त्या दिवशी दारातून हलेनात. शेवटी आत्याने पर्स घेतली आणि कुजबुजत नाही, चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं की मी चाललेय मागे बसून, तुम्हाला यायचं तर या. काका उठले. मला हजार सूचना. कशाला हात लावू नकोस, खायला घालू नकोस, दिवा नको, काच पुसू नकोस, फक्त बघ. आणि काकांची खुर्ची सोडून मी लांब सोफ्यावर बसावं असंही सांगितलं, कारण मी स्थिर बसत नाही.

ते गेले आणि मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. मी आयुष्यात एवढा वेळ काही न करता बसले नसेन. घरात फक्त फिल्टरची गुळगुळ. खाली मुलं खेळत होती, ओरडत होती, वरच्या मजल्यावर कोणीतरी टेबल ओढलं, मला वाटलं संपलं, पण मासे दचकलेच नाहीत. आणि मग इन्स्पेक्टर नळीमागून निघाला. अर्धा, मग पूर्ण. मागून एक छोटा, मग बाकीचे. संथपणे मुळाला वळसा घालून आले. आणि मी शपथेवर सांगते, रंग माझ्या डोळ्यांसमोर परत आला. आधी काळे पट्टे फिके झाले, मग कडेने निळं उजळत गेलं, मग केशरी. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले होते. फोन घ्यावा, व्हिडिओ काढावा, काकांना कळवावं असं शंभरदा वाटलं, पण हललेच नाही. ते बराच वेळ फिरत होते, सगळी टँक आपलीच असल्यासारखे.

खाली गाडीचा आवाज आला. मी पाय न वाजवता दारात गेले आणि तोंडावर बोट ठेवून काकांना आत घेतलं. त्यांनी मासे पाहिले. दारातच थबकले. तो चेहरा मला सांगताच येणार नाही. लहान मुलाला शाळेतून घ्यायला जावं आणि ते सगळ्यांत पुढे हसत उभं असावं, तसा काहीतरी. आत्या त्यांच्या मागे. ते हळूहळू, एक एक पाऊल टाकत, खुर्चीपर्यंत गेले आणि बसले. मासे बघत होते त्यांना. पळाले नाहीत.

इन्स्पेक्टर वळला आणि हीटरच्या दिशेने निघाला. अगदी जवळ गेला.

टक.

सगळे मासे उधळले. नळीमागे गठ्ठा, आणि बघता बघता काळे.

मी फरशीकडे पाहिलं. त्या सुटलेल्या फरशीच्या एका टोकाला काकांचा उजवा पाय होता आणि दुसऱ्या टोकावर टँकच्या स्टँडचे पुढचे दोन पाय. आम्ही तिघांनीही एकाच वेळी पाहिलं. दार, टीव्ही, मिक्सर, मांजर, पोस्टमन, सगळ्यांचा संशय घेऊन झाला होता. मासा कशाच्याही जवळ गेला की काका त्याला वाचवायला ब्रेक दाबत होते, आणि त्या बिचाऱ्यांना वाटत होतं की सगळं घर हादरतंय.

काकांनी स्वतःच्या पायाकडे असं बघितलं जसं कोणी दुसऱ्याने आणून ठेवलाय. तोंड एवढंसं झालं. म्हणाले, म्हणजे मीच. आणि उठायला लागले. मला कळलं की ते आता टँक देऊन टाकू म्हणणार.

आत्याने खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि मला सांगायला लागली, मला म्हणजे खरं त्यांनाच, की आज गाडीत काय झालं माहितीय का. म्हणे प्रत्येक चौकात, प्रत्येक वळणाला ह्यांचा पाय खाली. पायाखाली काय, तर नुसती रबराची चटई. बाईंनी थोडा वेळ बघितलं आणि मग हसत म्हणाल्या, मास्तर, तिथे काही नाहीये. ह्यांना कसनुसं झालं. मग पुढच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर बाई समोरच बघत म्हणाल्या, "मास्तर, त्या दिवशीपण तिथे कोणी नव्हतं. तुम्ही शिकवलेलं होतं, तेवढं पुरलं मला."

आत्या काकांकडे वळली. मग म्हणाली, "ह्या माशांनापण पाणी चांगलं दिलंय तुम्ही. आता पाय काढा, अहो."

काकांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली. गुडघे दुखतात त्यांचे, मांडी घालून बसलेलं मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. आत्या खाली बसली, मी सोफ्यावर. मला वाटलं आता मासे आज काही येत नाहीत. पण सकाळी एकदा टँक फिरून बघितली होती ना त्यांनी. आधी इन्स्पेक्टरचं तोंड दिसलं, मग बाकीचे. काळे पट्टे होते अजून. काकांनी मला मानेने खूण केली. मी फ्रीजमधून अळ्यांचा तुकडा आणला, चिमट्याने सोडला आणि मागे झाले.

तो खाली जात होता. इन्स्पेक्टर हीटरच्या बाजूने येत होता, परत अगदी जवळून. काकांचा उजवा पाय मांडीखाली हलला, मला दिसलं. त्यांनी हाताने स्वतःचा अंगठा घट्ट धरून ठेवला. मासा हीटरच्या बाजूने सरळ निघून गेला, त्याला काहीसुद्धा झालं नाही. त्याने तुकडा तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला, परत थुंकला. आणि मग खाल्ला. छोटे त्याच्या मागून धावले.

"छान," काका एकदम हळू म्हणाले, गाडीत म्हणायचे तसंच. "आता सावकाश पुढे."

आत्या डोळे पुसत म्हणाली की उद्या त्या गवंड्याला बोलवा. काका म्हणाले नको, ठोकाठोकीने दचकतील. तेव्हा फरशी अजून सुटलेलीच आहे, खुर्ची तिथेच आहे, काका रोज त्यावर मांडी घालून बसतात आणि उठताना मला हाक मारतात, कारण गुडघे धरतात. मासे ताटलीएवढे झालेत. बेलची वायर मात्र परत जोडलीय, पोस्टमन कंटाळला होता.